दहा एचपीच्या तलावासाठी बोट घेताना आधी वजन बघा

न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या मंडळींत गळ टाकणारे बरेच आहेत. कोकणातून आलेल्यांना तर ते शिकवावंच लागत नाही. काठावर खुर्ची टाकून दोन-तीन उन्हाळे काढले की बोटीचे वेध लागतात. मग हिवाळ्यात एखाद्या बोट-शोला चक्कर होते आणि तिथला विक्रेता ६० एचपीची, सतरा फुटी, चमचमती बोट दाखवतो. बोट उत्तम असते, हप्ताही परवडतो. पण घरापासून तासाभरावरच्या बहुतेक तलावांत तिचं इंजिन चालू करायची परवानगीच नसते.

राउंड व्हॅली आणि स्प्रूस रन या दोन्ही जलाशयांत मोटरची मर्यादा ९.९ एचपी आहे. मनास्क्वान आणि मेरिल क्रीक इथे फक्त इलेक्ट्रिक मोटर चालते. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की लेक नॉकामिक्सनला २० एचपीपर्यंत मुभा आहे, तर मार्श क्रीक आणि लेक गॅलिना पुन्हा फक्त इलेक्ट्रिक. पिट्सबर्गकडच्या मंडळींना लेक आर्थर आणि पायमाट्यूनिंग जवळ; तिथेही वीसच. यातले कित्येक जलाशय पिण्याच्या पाण्याचे आहेत, आणि मोठ्या लाटांनी काठ खचतात, त्यामुळे ही बंधनं सैल होतील या आशेवर बोट घेऊ नका.

अशा ठिकाणी बोट निवडायची पद्धत नेहमीच्या उलट आहे. एरवी लोक बोट पसंत करतात आणि तिला शोभेल असं इंजिन लावतात. इथे इंजिन नियमाने आधीच ठरवून दिलंय. तुमच्या हातात राहतं ते वजन. लांबी, रंग, खुर्च्या, फिश-फाइंडर या सगळ्याचा नंबर त्यानंतर.

पहिली पायरी: तलावांची यादी करा आणि नियम शब्दशः वाचा

येत्या वर्षभरात तुम्ही खरोखर जाल असे तीन-चार तलाव कागदावर लिहा. एकदा कधीतरी लेक ऑन्टारियोला जाऊ, हे त्यात धरू नका. त्या एका दिवसासाठी चार्टर बोट भाड्याने मिळते.

प्रत्येक तलावापुढे त्याचा नियम लिहा. नियम चार तऱ्हांचे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. काही ठिकाणी मोटरच्या एचपीवर मर्यादा असते. काही ठिकाणी एचपी कितीही चालतो, पण वेगावर मर्यादा असते किंवा लाट उठवायची नाही अशी अट असते. काही ठिकाणी फक्त इलेक्ट्रिक. आणि काही ठिकाणी मोटरच नाही, वल्ही मारा. वेगमर्यादेच्या तलावात मोठ्या इंजिनाची बोट हळू चालवून भागतं, एचपी-मर्यादेच्या तलावात भागत नाही.

त्याहून बारीक प्रश्न असा, की मोठी मोटर बोटीला लावलेली असली पण बंद ठेवली तर चालते का? काही तलावांत चालते, काहींत ती पाण्याबाहेर वर उचललेली हवी, काहींत ती बोटीवर असणंच मान्य नाही. फक्त इलेक्ट्रिक असलेल्या तलावावर ९.९ ची पेट्रोल मोटर मागे लटकवून जायचं असेल तर हा प्रश्न आधी सोडवलेला बरा. इंटरनेटवरच्या गप्पांवर विसंबू नका. त्या तलावाच्या पार्क ऑफिसला फोन करा. त्याच फोनवर रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात सोडायचा उतार, उघडा आहे का आणि पाण्याची पातळी काय आहे तेही विचारा. जलाशयांची पातळी दुष्काळात किंवा धरणाच्या दुरुस्तीसाठी बरीच खाली जाते, आणि मग काँक्रीटचा रॅम्प पाण्यापर्यंत पोचतच नाही.

यादीतला सर्वांत कडक नियम तुमची बोट ठरवतो. चारपैकी तीन तलाव इलेक्ट्रिकवाले असतील तर पेट्रोल मोटरचा नाद सोडा. त्याचं वेगळं गणित पुढे दिलंय.

दुसरी पायरी: वजनाचं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैसे वाचतात ते इथेच.

बोट दोन प्रकारे चालते. संथ असताना ती पाणी बाजूला सारत, स्वतःच्या लाटेमागे अडकून पुढे जाते. या अवस्थेतला वेग बोटीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये मिळतं. चौदा फुटी बोटीची पाण्यातली लांबी तेरा फुटांच्या आसपास धरली तर हा वेग ताशी साडेपाच मैलांच्या जवळपास येतो. त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःची लाट चढून पाण्यावर उठावं लागतं आणि पृष्ठभागावरून घसरत जावं लागतं. इकडे याला प्लेन होणं म्हणतात. प्लेन झालेली हलकी बोट ९.९ वर ताशी पंधरा ते वीस मैल जाते. न झालेली तीच बोट, तेवढंच पेट्रोल जाळत, नाक वर करून सहा-सात मैलांनी रडतखडत जाते. मधलं असं फारसं काही नसतं.

नॉकामिक्सन सात मैल लांब आहे. समजा रॅम्पपासून चार मैलांवरच्या खाडीत मासा लागतोय. साडेपाच मैलांच्या वेगाने तिथे पोचायला पाऊण तास लागतो, सोळाच्या वेगाने पंधरा मिनिटं. आणि दुपारी वादळी ढग दिसले की परतीचाही हिशेब हाच.

बोट उठणार की नाही ते साधारण दर एचपीमागे किती पौंड आहेत यावर ठरतं. माझा ठोकताळा असा: पन्नास-पंचावन्न पौंडांपर्यंत बोट सहज उठते, पंचावन्न ते सत्तरपर्यंत कुरकुरत, वजन पुढे सरकवल्यावर उठते, आणि पंचाहत्तरच्या पुढे आशा सोडायची. तळ सपाट असेल तर थोडी सवलत मिळते, खोल व्ही असेल तर तीही नाही.

आता बेरीज करू. चौदा फुटी सपाट तळाची साधी ॲल्युमिनियम जॉन बोट १६० पौंड धरा. ९.९ ची फोर-स्ट्रोक मोटर ८५. तीन गॅलनची भरलेली टाकी २५. पुढे लावायची छोटी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर २८ आणि तिची लेड-ॲसिड बॅटरी ६०. नांगर, दोर, गळ, जॅकेटं, जाळं, पाणी आणि डबा मिळून ५०. झाले ४०८. त्यात १७५ पौंडांची दोन माणसं बसली की ७५८. म्हणजे एचपीमागे साधारण साडेशहात्तर पौंड. ही बोट प्लेन होणार नाही. हीच बोट एकट्याने, लिथियम बॅटरी घालून नेली तर बॅटरीचे ३५ आणि जोडीदाराचे १७५ कमी होऊन ५४८ राहतात. एचपीमागे ५५. ही उठते.

आता तो सतरा फुटी, आतून लाकडी मजला, कार्पेट आणि लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) असलेला बास बोटीचा सांगाडा डोळ्यांपुढे आणा. नुसता रिकामा सांगाडाच पाचशे-सहाशे पौंडांचा. त्यावर ९.९ लावून तो तलावात फिरेल, बुडणार नाही, पण कधीच उठणार नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नेहमी दोघं जाणार असाल तर बेरीज दोघांची करा. विक्रेता सांगतो तो वेग बहुधा एका सडपातळ माणसाचा असतो. दोन, बोट घेतल्यावर तिच्यात लाकूडकाम करायची उबळ आवरा. यूट्यूबवर जॉन बोटीत प्लायवूडचा मजला आणि उभं राहायचा ओटा बसवायचे शेकडो व्हिडिओ आहेत, आणि दिसतातही छान. पण अर्धा इंची प्लायचा एक चार बाय आठचा पत्रा चाळीस पौंडांच्या पुढे जातो. दोन पत्रे, वर लाकडी चौकट, त्यावर कार्पेट, जे भिजलं की आणखी जड. म्हणजे एक तिसरा माणूस कायमचा बोटीत बसवल्यासारखं आहे, आणि तो गळही टाकत नाही.

२० एचपीच्या तलावांवर हे सगळं गणित एकदम सैल होतं. तीच ७५८ पौंडांची बेरीज, मोटरचे दहा-पंधरा पौंड वाढवूनही, एचपीमागे चाळिसाच्या खाली येते. नॉकामिक्सन किंवा लेक आर्थर हेच तुमचं मुख्य पाणी असेल तर चौदा-पंधरा फुटी, जरा भारी, व्ही तळाची बोट खुशाल घ्या.

तिसरी पायरी: तळाचा आकार

बाजारात या वर्गातल्या बोटी मुख्यतः दोन तऱ्हांच्या. सपाट तळाची जॉन बोट आणि व्ही तळाची बोट.

जॉन बोटीवर १२३६, १४३६, १४४८ असे आकडे असतात. पहिले दोन अंक लांबी फुटांत, पुढचे दोन तळाची रुंदी इंचांत. १४३६ म्हणजे चौदा फूट लांब आणि तळाशी छत्तीस इंच रुंद. ९.९ साठी सर्वांत जास्त खपणारा आकार हाच, आणि त्यामागे कारण आहे: तो हलका आहे, लवकर उठतो, उथळ पाण्यात जातो. तोटा असा की छत्तीस इंचांत उभं राहून गळ फेकणं म्हणजे कसरत. दोघं एकाच बाजूला वाकले तर काळजाचा ठोका चुकतो. १४४८ त्यामानाने घट्ट, त्यात निर्धास्त उभं राहता येतं, पण वजन साठ-सत्तर पौंडांनी वाढतं. बाराची १२३६ एकट्याला ठीक. दोन मोठ्या माणसांना ती घेऊ नका.

व्ही तळाची चौदा फुटी बोट लाटा कापते, तिच्या बाजू उंच असतात, आत पाणी कमी येतं. तेवढीच मोटर लावली तर ती जॉनपेक्षा थोडी उशिरा उठते आणि मैल-दोन मैल हळू जाते.

मग घ्यायची कुठली? हे पाणी ठरवतं. स्प्रूस रनच्या आतल्या खाड्यांत, झाडीच्या आडोशाने मासे पकडणार असाल तर जॉन बोट. राउंड व्हॅलीला नियमित जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: व्ही तळ, आणि वेग गेला तरी चालेल. राउंड व्हॅली हा न्यू जर्सीतल्या सर्वांत खोल जलाशयांपैकी एक, सुमारे १८० फूट, आणि विस्तार दोन हजार एकरांच्या वर. टेकड्यांच्या मधून वारा अचानक उतरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत आरशासारखं पाणी फेसाळतं. तिथे बुडालेल्या काही लोकांचे मृतदेह आजवर मिळालेले नाहीत. लेक ट्राउट या माशाच्या मागे एप्रिलमध्ये तिथे जाणाऱ्याने सोळा-सतरा इंच उंचीच्या काठाची सपाट बोट नेऊ नये.

मधला मार्ग म्हणून सुधारित व्ही असलेल्या जॉन बोटी मिळतात. पुढचं टोक थोडं निमुळतं, मागचा तळ सपाट. दोन्हीकडचे थोडेथोडे गुण, थोडेथोडे दोष. मला पहिल्या बोटीसाठी हा प्रकार आवडतो.

रिव्हेट की वेल्डिंग, यावर लोक तासन्तास वाद घालतात. वेल्डिंगची बोट मजबूत खरी, पण तिचा पत्रा सहसा जाड आणि वजन जास्त. ९.९ च्या हिशेबात रिव्हेटची हलकी बोट पुष्कळ. एखादा रिव्हेट वीस वर्षांनी झिरपला तर तो घरी ठोकून घट्ट करता येतो.

फुगवायच्या बोटींबद्दल थोडक्यात: अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना, गॅरेज नसलेल्यांना त्या खरंच सोयीच्या. चांगल्या जाड कापडाच्या, मागे मोटरसाठी पक्की फळी असलेल्या घ्या. समुद्रकिनारी पोरं खेळतात तसल्या नव्हेत. गळाने फुटेल ही भीती फार मोठी करून सांगतात. खरा त्रास दर वेळी फुगवणं, धुणं आणि वाळवणं याचा.

चौथी पायरी: मोटर

९.९ हा आकडा विचित्र वाटतो. तो दहाच्या आतल्या नियमात बसण्यासाठीच आहे. पण सगळ्या ९.९ मोटरी सारख्या नसतात. मर्क्युरीची ९.९ ही २०९ सीसीची, सुमारे ८४ पौंडांची. सुझुकीची डीएफ९.९बी ३२७ सीसीची, जवळजवळ ९७ पौंडांची, आणि तेच इंजिन त्यांच्या १५ आणि २० एचपीच्या मॉडेलांत वापरलंय. मोठ्या सीसीची मोटर खालच्या आवर्तनांवर जास्त जोर देते, जड बोट उठवायला त्याचा उपयोग होतो. पण ते बारा-तेरा पौंडही शेवटी मागच्या फळीवरच बसतात. दोघं जाणार असाल तर मी मोठ्या सीसीकडे झुकेन, एकटे असाल तर हलकीकडे.

कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल, पंधराची मोटर घे आणि तिच्यावर ९.९ चं स्टिकर लाव. ते करू नका. मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्टीवरून ते लगेच कळतं. आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बघेल.

दुसरा सापळा म्हणजे हाय-थ्रस्ट मॉडेल. यामाहाची टी९.९ किंवा मर्क्युरीची प्रोकिकर या नावांत ताकद ऐकू येते. त्या बनवल्यात मोठ्या, जड बोटींना संथ वेगाने ढकलायला: गिअर खाली, प्रोपेलर मोठा. हलक्या जॉन बोटीवर त्या वजनाने जड आणि वेगाने मंद पडतात. साधी ९.९ घ्या.

शाफ्टची, म्हणजे मोटरच्या प्रोपेलरपर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची, लांबी बघितल्याशिवाय मोटर घेऊ नका. बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, तिच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध मोजा. पंधरा इंचांच्या आसपास आली तर शॉर्ट शाफ्ट, वीसच्या आसपास आली तर लाँग. पंधराच्या फळीवर वीसची मोटर लावली तर खालचा भाग उगीच पाण्यात ओढत राहतो. उलट केलं तर प्रोपेलर हवा खातो. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाला समतल किंवा इंचभर खाली यायला हवी.

बटणाने सुरू होणारी मोटर म्हणजे आणखी एक बॅटरी. ९.९ ला दोरी ओढून सुरू करणं अजिबात अवघड नाही. पाठीचं दुखणं नसेल तर दोरीचीच घ्या.

आता इलेक्ट्रिक. इथे लोक जोराचे पौंड (मोटर बोटीला किती रेटते ते) आणि एचपी यांत गोंधळतात. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगाने साधारण ५० अँपिअर ओढते. म्हणजे ६०० वॅट, म्हणजे ०.८ एचपी. एवढ्यावर कुठलीही मासेमारीची बोट प्लेन होणार नाही, दोन मोटरी लावूनही नाही. आणि एकदा उठायचंच नसलं की सपाट तळाचा फायदाही संपतो. साडेचार-पाच मैलांच्या आतल्या वेगात लांब, अरुंद, निमुळती बोट सर्वांत सहज सरकते. म्हणून मनास्क्वान, मेरिल क्रीक, मार्श क्रीक यांच्यासाठी चौदा फुटी हलकी व्ही बोट किंवा मागचा भाग चौकोनी कापलेला कनू हे १४४८ पेक्षा चांगले.

बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन पंचवीस पौंडांच्या आसपास आणि जवळजवळ सगळी वापरता येते. त्याच आकाराची लेड-ॲसिड साठ-पासष्ट पौंडांची असते आणि टिकवायची असेल तर अर्ध्यावर थांबावं लागतं. पूर्ण वेगाने लिथियम दोन तास चालते. वेग थोडा कमी केला की वीज खूप कमी लागते, त्यामुळे निम्म्या-पाऊण वेगाने सकाळभर आरामात फिरता येतं. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर आणि जाड वायर हवीच. बारीक वायर तापते. परतताना समोरचा वारा असू शकतो, म्हणून निम्मी बॅटरी उरली की रॅम्पकडे वळा. वल्ही बोटीतच राहू द्या.

पाचवी पायरी: ठेवणार कुठे, नेणार कशी

एडिसन, प्लेन्सबरो, पिस्कॅटवेसारख्या ठिकाणी टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांनी खरं तर हीच पायरी पहिली घ्यावी. बहुतेक होमओनर्स असोसिएशन ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करू देत नाहीत. गॅरेज मोजा. चौदा फुटी बोट ट्रेलरवर चढली की पुढच्या दांड्यासकट सोळा-सतरा फुटांपर्यंत जाते आणि एका गाडीच्या गॅरेजात जेमतेम, तिरकी मावते. काही ट्रेलरचा दांडा दुमडतो. तसा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या.

ट्रेलरसकट सगळं मिळून सातशे-आठशे पौंडांच्या आसपास भरतं, त्यामुळे मोठी पिकअप लागत नाही. रॅव्ह-४ किंवा सीआर-व्ही पुरते, पण गाडीच्या मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा वाचा आणि हिच, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा दांडा, बसवून घ्या. ट्रेलरच्या जोडाचा आकार आणि हिचवरचा गोळा एकाच मापाचे हवेत. १ ७/८ आणि २ इंचांचा घोळ रॅम्पवर कळून उपयोग नाही. पुढच्या दांड्यावर एकूण वजनाच्या दहा टक्के भार यावा. कमी असेल तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो.

टपावर न्यायची असेल तर बारा फुटी, शंभर पौंडांच्या आतली बोट बघा आणि उचलायला दुसरं माणूस आहे का तेही बघा. घरच्यांनी पहिल्या दोन वेळा उत्साहाने मदत केली म्हणून सप्टेंबरपर्यंत करतील असं धरून चालू नका.

सहावी पायरी: जुनी बोट तपासताना

ॲल्युमिनियमची बोट तीस वर्षं सहज टिकते, त्यामुळे पहिली बोट जुनीच घ्या असं मी सांगेन. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लोकांना हिवाळ्यासाठी जागा मोकळी करायची असते तेव्हा, भाव खाली येतात. मार्चमध्ये तीच बोट महाग असते.

आधी कागद. न्यू जर्सीत बारा फुटांहून लांब बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा कागद, लागतं. टायटलवरचा आणि बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला हल आयडेंटिफिकेशन नंबर जुळला पाहिजे. टायटल हरवलंय, नंतर पाठवतो, असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. ट्रेलरचं टायटल वेगळं असतं, तेही मागा.

मग आत लावलेली क्षमतेची पट्टी वाचा. तिच्यावर किती माणसं, एकूण किती पौंड आणि जास्तीत जास्त किती एचपी हे लिहिलेलं असतं. पट्टीवर ७.५ एचपी असेल तर तलावाने ९.९ ला परवानगी दिली तरी ती बोट तुमच्यासाठी नाही.

मागच्या फळीत आतून लाकूड असतं आणि ते कुजतं. मोटर लावलेली असेल तर तिचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि फळीकडे बघा. फळी वाकली, पत्रा फुगला, बोल्टांभोवती पाणी आलं, की किंमत बरीच खाली यायला हवी. फळी बदलता येते, पण एक अख्खा शनिवार-रविवार जातो. बदलताना औषध मारलेलं हिरवट लाकूड वापरू नका. त्यातल्या तांब्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या आणि त्याला सगळीकडून इपॉक्सी लावा.

गळती शोधायची सोपी रीत: बोट ट्रेलरवर असताना तळाचं बूच लावून आत चार-पाच इंच पाणी सोडा आणि खाली वाकून बघा. जिथे थेंब लोंबतील तिथे खडूने खूण करा. दोन-चार रिव्हेट झिरपत असतील तर हरकत नाही. मधल्या कण्याला तडा असेल तर सोडून द्या. मात्र फार पाणी भरू नका. पाण्याचं वजन भयंकर असतं, ट्रेलरवरची बोट त्याने वाकते.

बसायच्या फळ्यांखाली फोम असतो. बोट उलटली तर ती तरंगती ठेवण्याचं काम त्याचं. जुन्या बोटींत तो पाणी पिऊन जड होतो. सारख्याच दोन बोटींतली एक उचलताना विनाकारण जड लागली तर तिच्यात हेच झालेलं असतं, आणि मग आपल्या वजनाच्या गणिताचे बारा वाजतात.

मोटर थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक पण जोरदार धार यायला हवी. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा: दुधाळ दिसलं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायचं यंत्र ऑटो पार्ट्सच्या दुकानातून मिळतं; दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. सर्वांत नेहमीचा आजार कार्ब्युरेटरचा. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि वर्षभर पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो. तो साफ करता येतो, पण त्या सबबीखाली न सुरू होणारी मोटर विकत घेऊ नका. जुन्या टू-स्ट्रोक मोटरी मात्र हलक्या आणि तडफदार असतात. तेल मिसळायचा आणि धुराचा कंटाळा नसेल, आणि तलावाचा नियम परवानगी देत असेल, तर वजनाच्या दृष्टीने त्या आजही उजव्या.

कागदपत्रं आणि जॅकेट

न्यू जर्सीत मोटर लावलेली बोट, मग ती इलेक्ट्रिक का असेना, रजिस्टर करावी लागते. काम मोटर व्हेइकल कमिशनमध्ये होतं. शिवाय बोट सेफ्टीचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यायचं, आणि गोड्या पाण्यात मोटरबोट चालवायला त्यावर बोटीचं लायसन्स. मासेमारीचं लायसन्स वेगळं, आणि ट्राउट पकडणार असाल तर त्याचा शिक्काही. पेनसिल्व्हेनियाचं मासेमारीचं लायसन्स पुन्हा वेगळं.

प्रत्येक माणसाला मापाचं जॅकेट हवं. सोळा फूट किंवा त्याहून लांब बोटीवर फेकायची उशीही हवी. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात सोळा फुटांहून लहान बोटीत जॅकेट नुसतं जवळ असून भागत नाही, अंगात घालावं लागतं. न्यू जर्सीतही त्या महिन्यांत घालाच. एप्रिलचं ऊन फसवं असतं, पाणी तेव्हाही पोहणाऱ्याचा श्वास अडकवण्याइतकं थंड असतं. मोटर बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. २६ फुटांखालच्या बोटींसाठी फेडरल नियमाने ती १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाली आहे. एकटा माणूस टिलरच्या (मोटरचा दांडा हातात धरून वळवायच्या) बोटीतून पडला आणि मोटर चालू राहिली, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

पकडलेला मासा खायचा असेल तर राज्याची पाऱ्याबद्दलची सूचना त्या तलावापुरती वाचून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर. मोठ्या बासचा रस्सा कितीही मोह घालो, लहान क्रॅपी आणि ब्लूगिलच तव्यावर बरे.

पहिल्या फेरीत काय जुळवायचं

पहिल्यांदा जाल तेव्हा गळ घरीच ठेवा आणि फोनवर जीपीएसने वेग बघायची सोय करा. शांत सकाळी, मोकळ्या पाण्यात, एकट्याने पूर्ण वेग द्या. नाक आकाशाकडे गेलं आणि खाली आलंच नाही तर सगळं वजन मागे आहे. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवा. टिलरच्या दांड्याला दीड-दोन फुटांची नळी जोडून स्वतः मधल्या फळीवर बसा. एवढ्याने बऱ्याच बोटी उठतात. मग मोटरचा कोन ठरवणारी पिन एक भोक आत घ्या, म्हणजे मोटर बोटीकडे झुकते आणि नाक दबतं. फार आत घेतली तर नाक पाणी खणायला लागतं, एक भोक परत बाहेर.

हे करूनही जोडीदाराबरोबर उठत नसेल तर प्रोपेलर बदला. पूर्ण वेगाला इंजिनाची आवर्तनं मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल पट्ट्यात, बऱ्याच ९.९ मोटरींत ती मिनिटाला ५,००० ते ६,००० असते, वरच्या बाजूला पोचायला हवीत. खाली अडकत असतील तर एक इंच कमी पिचचा (पात्यांचा पीळ कमी असलेला) प्रोपेलर लावा. सर्वोच्च वेग मैलभराने घटेल, पण दोघांसकट बोट वर येईल. जुना प्रोपेलर आणि एक पिन बोटीतच ठेवा. स्प्रूस रनची पातळी ऑगस्टमध्ये उतरते तेव्हा बुंधे आणि दगड वर येतात, आणि पान्हा जवळ असला तर काठावर दहा मिनिटांत बदलून पुन्हा पाण्यात जाता येतं.